चौदा एप्रिलच्या अलीकडे की पलीकडे

माझ्या एका वाटपाच्या दाव्याचं सगळं घोडं एका माणसाच्या मरणाच्या सालावर अडलं होतं. तिथी सगळ्यांना पाठ होती, चैत्र शुद्ध नवमी. त्या घरात रामनवमीला कधी गोडधोड झालं नाही, कारण त्या दिवशी आजोबांचं श्राद्ध. साल मात्र कुणालाच धड सांगता येईना. ‘गांधींच्या मिठानंतर’ आणि ‘लढाईच्या आधी’, एवढ्यावर दोन्ही बाजूंचं एकमत होतं.

सातारा शहरातला जुना वाडा. भाऊ दोन. धाकटा तरुणपणी गेला, मागे बायको आणि एक मुलगी. बायको वाड्याच्या मागच्या दोन खोल्यांत 1971 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत राहिली. मुलगी लग्न होऊन गेली, पुढे तीही वारली. तिच्या दोन मुली माझ्या पक्षकार. थोरल्या भावाचे नातू प्रतिवादी. त्यांची कैफियत अशी की धाकटे 1936 च्या चैत्रात वारले, भाऊ शेवटपर्यंत एकत्र होते, म्हणून धाकट्यांचा हिस्सा आपोआप थोरल्याकडे आला. विधवेला अन्नवस्त्र मिळालं, राहायला खोल्या दिल्या त्या मेहेरबानी म्हणून. आमचं म्हणणं, मृत्यू 1937 चा.

एका वर्षाच्या फरकानं एवढं काय बिघडतं, असं बाहेरच्याला वाटेल. अर्धा वाडा बिघडतो. हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा कायदा 14 एप्रिल 1937 ला अमलात आला आणि तो मागे जात नाही. नवरा त्याआधी गेला असेल तर मिताक्षरेप्रमाणे, म्हणजे आपल्याकडे चालणाऱ्या जुन्या हिंदू कायद्याप्रमाणे, एकत्र कुटुंबातला त्याचा हिस्सा हयात भावाचा. त्यानंतर गेला असेल तर तोच हिस्सा विधवेचा. हयातीपुरता का होईना, पण वाटप मागण्याच्या हक्कासकट. मग 1956 चा वारसा कायदा आला आणि कलम 14 नं तो हयातीपुरता हक्क पूर्ण मालकीचा झाला. तिथून तो मुलीला, मुलीकडून या दोघींना. 1937 साली पाडवाच एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आला होता, म्हणजे नवमी 14 तारखेच्या पलीकडे. 1936 ठरलं असतं तर 1977 च्या तुलसम्मा निकालाच्या आधारानं (विधवेला पोटगीपोटी दिलेली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची होते, असं सर्वोच्च न्यायालयानं त्यात म्हटलं) खोल्यांपुरतं भांडता आलं असतं, त्याहून जास्त नाही. नगरपालिकेचं मृत्यूनोंदीचं त्या सालांचं पुस्तक मिळालं नाही. जुन्या दाव्यांत हे नेहमीचंच.

त्यात प्रतिवादींच्या वकिलांनी, माणूस मुरलेला, फेडरल कोर्टाचा 1941 चा निकाल पुढे केला. हा कायदा प्रांतांतल्या शेतजमिनीला लागू नाही असं त्या कोर्टानं सांगितलं होतं. वाड्यामागच्या परसात पूर्वी भाजीपाला होई, म्हणून परस ही शेतजमीन! सिटी सर्व्हेच्या उताऱ्यानं ते निकालात निघणार होतं. पण निकाल वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. विधेयक केंद्रीय कायदेमंडळाच्या खालच्या सभागृहात, सेंट्रल लेजिस्लेटिव्ह असेंब्लीत, मंजूर झालं 4 फेब्रुवारी 1937 ला आणि वरच्या, कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये, 6 एप्रिलला. मधे 1 एप्रिल उलटला. त्या दिवशी 1935 चा भारत सरकार कायदा प्रांतांत लागू झाला आणि शेतजमिनीचा वारसा प्रांतांच्या यादीत गेला. पाच दिवसांच्या उशिरानं देशभरच्या विधवांची शेतं निसटली. पुढे प्रांतांना वेगळे कायदे करावे लागले. मुंबई प्रांतानं 1942 मध्ये केला. आमच्या घरातली शेतं कूळकायद्यात केव्हाच गेली होती म्हणून बरं, नाहीतर आणखी एक दावा उभा राहिला असता.

हा कायदा आणणारा कोण, हे बघायला मी असेंब्लीची इतिवृत्तं उघडली. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात ती आहेत. दाव्याला त्यांची गरज नव्हती. उत्सुकता म्हणून वाचत सुटले, दुसरं काय.

कायदा एका डॉक्टरांचा निघाला. डॉ. गो. वि. देशमुख, मुंबईचे नावाजलेले सर्जन. 1934 च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे मुंबई शहरातून निवडून आलेले. पेडर रोडचं कागदोपत्री नाव डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग आहे, आणि ते वाचून बहुतेकांना लोकहितवादी आठवतात. आमचा जिल्हा ज्या मध्य विभागात येई तिथून त्याच निवडणुकीत काकासाहेब गाडगीळ आणि केशवराव जेधे दिल्लीला गेले. एक ब्राह्मण वकील आणि एक ब्राह्मणेतर चळवळीचा पुढारी, एका पक्षाच्या तिकिटावर. दहा वर्षांपूर्वी पुण्यात हे कुणी बोललं असतं तर लोक हसले असते.

या सदस्यांच्या हातात होतं काय, हे इतिवृत्तं वाचताना हळूहळू कळत जातं. 145 जणांचं सभागृह, 104 निवडलेले, 41 नेमलेले, आणि नेमलेल्यांपैकी 26 चक्क सरकारी अधिकारी. मतदार म्हणजे आयकर भरणारे किंवा ठरावीक सारा भरणारे लोक. आपल्या प्रांतात बाईलाही मत होतं, पण मत मालमत्तेला होतं आणि मालमत्ता बाईकडे नसे. हिवाळ्यात दिल्लीची गोल इमारत, पावसाळा सरता सरता सिमला.

आणि वर मंदी. सप्टेंबर 1931 मध्ये ब्रिटननं पौंडाची सोन्याशी असलेली सांगड सोडली. रुपया एक शिलिंग सहा पेन्सांच्या दरानं पौंडाला बांधलेलाच राहिला. तो दर जास्त आहे, शेतकरी त्यात मरतो, असं सभासद परोपरीनं सांगत होते. त्याच महिन्याच्या अखेरीला अर्थसदस्य सर जॉर्ज शुस्टर यांनी पुरवणी अंदाजपत्रक आणलं: बहुतेक करांवर पंचवीस टक्के अधिभार, मिठावरसुद्धा, आणि अर्ध्या आण्याचं पोस्टकार्ड पाऊण आण्याला. सभागृहानं विधेयक नाकारलं. व्हाइसरॉयनी सही करून ते ‘प्रमाणित’ केलं, आणि झाला कायदा! बरं, तेव्हा काँग्रेसचा बहिष्कार होता, म्हणजे ही नामंजुरी मवाळ मंडळींची. 1935 पासून भुलाभाई देसाईंच्या मागे काँग्रेसचा मोठा गट बसला, समोर अर्थसदस्य सर जेम्स ग्रिग. तरी वित्त विधेयकाचं रडगाणं तेच. यांनी मतं जिंकायची आणि व्हाइसरॉयनी प्रमाणपत्र काढायचं. पोस्टकार्ड एका पैशानं स्वस्त करायची ताकद नसलेल्या सभागृहात माणसं तयारी करून, आकडे घेऊन कशासाठी उभी राहत असतील, हा प्रश्न मला वाचताना सारखा पडत होता.

उत्तराचा एक तुकडा खासगी विधेयकांत सापडतो. सरकारी कामातून उरलेले काही दिवस बिनसरकारी सभासदांना मिळत. कुणाचं विधेयक आधी, ते चिठ्ठ्या टाकून ठरे. धर्म किंवा धार्मिक रूढीला हात लागत असेल तर गव्हर्नर-जनरलची पूर्वपरवानगी. एवढ्या फटीतून हरबिलास सारडांचा बालविवाहाचा कायदा 1929 मध्ये निघाला, मुकुंदराव जयकरांचा विद्याधनाचा 1930 मध्ये. शिकून कमावलेलं धन एकत्र कुटुंबाचं नाही, ज्याचं त्याचं, हे आज आम्ही कोर्टात सहज म्हणतो ते जयकरांमुळे. पैशाच्या प्रश्नावर सरकार एक इंचही हलत नसे. घरातल्या प्रश्नावर मात्र सरकारी बाकं अनुकूल झाली तर चाळीसेक मतं एकगठ्ठा मिळत.

देशमुखांनी ती मिळवली, आणि किंमतही मोजली. त्यांच्या मूळ मसुद्याचा पल्ला पुष्कळ मोठा होता, मुलगीसुद्धा त्यात होती. निवड समितीतून आणि लॉ मेंबर, म्हणजे सरकारचे कायद्याचे सदस्य, सर नृपेंद्रनाथ सरकार यांच्या हातातून विधेयक बाहेर आलं तेव्हा मुलगी गळाली होती. उरल्या विधवा: स्वतःची, आधी वारलेल्या मुलाची, नातवाची. आणि त्यांना मिळालं तेही हयातीपुरतं. गिऱ्हाइकाला शंभर सांगून साठला सौदा करणाऱ्याची गोष्ट वेगळी. इथे साठावर सही करायची की परत जायचं, एवढंच हातात होतं. त्यांनी सही केली. माझ्या मते योग्य केलं. पुढे त्यांनी हिंदू स्त्रियांच्या घटस्फोटाचं विधेयक आणलं, ते बारगळलं.

आता कोर्टातला दिवस.

भाऊ एकत्र होते हे सिद्ध करायला प्रतिवादींनीच थोरल्या भावाची रोजकीर्द हजर केली होती. लाल कापडी बांधणीची मोठी वही, मोडीत लिहिलेली. फेरिस्तीबरोबर, म्हणजे हजर केलेल्या कागदांच्या यादीबरोबर, मोजक्याच पानांचं लिप्यंतर जोडलेलं: घरपट्टी, किराणा, आणि 1932 मधली एक नोंद, ‘धाकटीच्या पाटल्या’ सराफाला दिल्या आणि आलेल्या रकमेतून वाड्यावरच्या गहाणाचा हप्ता भागवला. त्या वर्षांत गावोगावचं सोनं असंच बाहेर पडून मुंबईच्या बंदरातून परदेशी गेलं. तोळ्याचा भाव वीस-एकवीसवरून तिशीपलीकडे गेला होता आणि धान्याला भाव नव्हता. वकिलांना त्या नोंदीतून दाखवायचं होतं की घर एक, चूल एक, कर्ज एक. मला त्यात दिसलं ते एवढंच की वाडा वाचला तो हिच्या पाटल्यांवर.

मी अख्ख्या वहीच्या नकला मागून घेतल्या आणि मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांकडे दिल्या. सर ऐंशीच्या घरात, पण नजर तीक्ष्ण. त्यांना म्हटलं, उत्तरकार्याचा खर्च कुठे सापडतो का बघा. तो सापडला नाही. शके 1858 च्या फाल्गुनानंतरची पानंच नव्हती. फाडली की गळाली, देव जाणे. सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी सरांचा फोन आला. ‘बाई, मेलेल्या माणसाला चष्मा लागतो का हो?’

शके 1858, मार्गशीर्ष वद्य. ‘धाकटे यांस चष्मा करविला, साडेसहा रुपये.’ खाली पुण्याच्या जाण्यायेण्याचं भाडं.

मार्गशीर्ष 1858 म्हणजे 1936 सरतं किंवा 1937 लागतं. चैत्र 1936 त्याच्या आठ-नऊ महिने आधी होऊन गेलेला. तेव्हा वारलेल्या माणसाला हिवाळ्यात चष्मा कोण करील? आणि तिथी चैत्रातली, त्यामुळे पुढचा चैत्र 1937 चाच असू शकतो, त्याआधीचा नाही. पुढच्याही पुढचा असला तरी आम्हाला चालत होता.

दुसऱ्या दिवशी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात थोरल्या भावाचे नातू, वय सत्तरच्या पुढे. सज्जन गृहस्थ. उलटतपासात मी आवाज चढवला नाही. चढवला असता तर ते सावध झाले असते.

“ही वही आपल्या आजोबांच्या हातची?”

“हो.”

“खरी आहे? मागाहून काही घातलंय?”

“छे! जशीच्या तशी आहे.”

“आजोबांना भाऊ किती?”

“एकच. धाकटे.”

“वहीत ‘धाकटे’ लिहिलंय ते तेच?”

“दुसरं कोण असणार?”

मग पान काढून दिलं. त्यांना मोडी येत नव्हती, म्हणून सरांचं लिप्यंतर शेजारी ठेवलं. त्यांच्या वकिलांनी हरकत घेतली, लिप्यंतर आमच्या माणसाचं आहे म्हणून. न्यायाधीशांनी विचारलं, मग तुमच्या माणसाकडून वाचून घेऊ या का? प्रतिवादींचे मोडी वाचक बाहेर बाकावरच बसलेले होते, त्यांना आत बोलावलं. त्यांनी भिंगातून बघितलं, ओळीवरून बोट फिरवलं आणि वाचलं, “धाकटे यांस चष्मा करविला.” कोर्टात कुणीतरी हसलं. साक्षीदारांनी स्वतःचा चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “काका वाचायचे फार, असं आजी सांगायची.” हे मी विचारलेलं नव्हतं. नोंदवून घेतलं गेलं.

प्राथमिक हुकूमनामा आमच्या बाजूनं झाला, निम्म्या वाड्याचा. परस शेतजमीन नाही, हेही निकालात आलं. जिल्हा न्यायालयात अपील दाखल आहे, अजून बोर्डावर आलेलं नाही. माझ्या पक्षकारांपैकी धाकटीनं निकाल वाचून विचारलं, “म्हणजे त्या डॉक्टरांनी आजीला दिलं, पण आईला नाही?” म्हटलं, आईलाही द्यायला निघाले होते, सभागृहानं हात आखडला. “मग आईला मिळालं कुठून?” आजीकडून, एकोणीस वर्षांनी झालेल्या दुसऱ्या कायद्यानं. ते तिला फारसं पटलं नाही. मलाही पटवून देता आलं नाही.

प्रतिवादी गृहस्थ परवा कोर्टाच्या आवारात भेटले. वही परत कधी मिळेल, असं विचारत होते. पुरावा म्हणून तिच्यावर निशाणी पडली आहे, अपील संपेपर्यंत नाही, म्हटलं. तर म्हणाले, निदान सगळ्या वहीचं लिप्यंतर करून मिळेल का, घरात कुणी कधी वाचलीच नाही ती. मी सरांचा नंबर दिला. सरांनी काम घेतलंय. पानाला किती घ्यायचे यावर दोघांची अजून घासाघीस चालू आहे.