आमची वाटचाल : दहा अंशांचा हिशोब

भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात आम्ही पहिलं क्रीप टेस्टिंग मशीन उभं केलं, तेव्हा कर्जासाठी पाहणीला आलेल्या साहेबांनी विचारलं होतं, "यात माल कुठे तयार होतो?" एक लांब लिव्हर, टोकाला टांगलेली वजनं, दुसऱ्या बाजूला बोटाएवढं सॅम्पल आणि त्याभोवती निक्रोमच्या तारेची भट्टी. माल म्हणजे वहीतले आकडे, हे त्यांना पटवायला तीन महिने गेले.

टेन्साइल टेस्टमध्ये, म्हणजे सरळ ओढून तोडायच्या चाचणीत, पोलाद काही मिनिटांत तुटतं. तेच पोलाद 550 अंशांवर, त्याच्या निम्म्याहूनही कमी ताणाखाली ठेवलं तर लगेच काही होत नाही. पण ते ताणलं जात राहतं. सुरुवातीला जरा भरभर, मग महिनोन्‌महिने अगदी संथ, एका चालीने, आणि शेवटी पुन्हा वेगाने, की तुटलंच. हे क्रीप. धातूचा वितळबिंदू केल्व्हिनमध्ये धरला, तर साधारण त्याच्या चाळीस टक्क्यांपासून ते जाणवू लागतं. शिसं 327 अंशांना, म्हणजे 600 केल्व्हिनला वितळतं, त्यामुळे त्याला पुण्याची साधी हवासुद्धा गरमच. आमच्या ऑफिसात खिळ्याला वजन बांधलेली शिशाची तार टांगलेली आहे. नवीन पोरं तीच रोज पट्टीने मोजतात.

लोडशेडिंगच्या वर्षांनी फार छळलं. गुरुवारी एमआयडीसीची वीज बंद, शिवाय अधूनमधून तासन्‌तास अंधार. टेस्ट हजार तासांच्या, आणि भट्टी थंड झाली की नोंदींची साखळी तुटली. म्हणून दुसऱ्या मशीनच्या आधी आम्ही जनरेटर घेतला. तो निर्णय आमच्या हिचा होता, आणि बरोबर होता.

खरा धडा मिळाला तिसऱ्या वर्षी. एका पार्टीच्या क्रोम-मॉली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या) पाइपचं सॅम्पल 550 अंशांवर लावलं होतं. ते अपेक्षेपेक्षा फारच टिकलं. पार्टी खूश, आम्हीही खूश, रिपोर्ट गेला. चार दिवसांनी भट्टी उघडल्यावर आमचे मशीनवरचे मामा म्हणाले, "साहेब, मधली तार ढिली झालीय." थर्मोकपलचं, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेचं, टोक सॅम्पलपासून सुटून भट्टीच्या भिंतीकडे सरकलं होतं. त्याला लागत होती भिंतीची आच, म्हणून कंट्रोलर 550 दाखवून भट्टी आवरती घेत होता, आणि सॅम्पल मात्र त्याहून थंड. नवी तार बांधून ताडून पाहिलं, तर फरक भरला दहा अंशांचा.

दहा अंश म्हणजे किती, तर लार्सन आणि मिलर यांनी 1952 मध्ये मांडलेलं, तापमान आणि टिकण्याचे तास जोडणारं सूत्र घ्या, त्यातला स्थिरांक 20 धरा. 540 अंशांवर जो ताण एक लाख तास सोसला जातो, तोच 550 वर जेमतेम पन्नास हजार तास. दहा अंशांत आयुष्य निम्मं. मी त्याच संध्याकाळी पार्टीला फोन करून रिपोर्ट मागे घेतला आणि टेस्ट स्वखर्चाने पुन्हा लावली. पार्टी गेली ती गेलीच. त्या रिपोर्टवर विसंबून कुणी बॉयलरला पाइप लावला असता, या विचाराने मला अजून झोप लागत नाही.

पुढे साखर कारखान्यांची कामं आली. 400 अंश किंवा त्याहून जास्त तापमानाला चालणाऱ्या बॉयलरच्या भागांची एक लाख तासांनंतर उर्वरित आयुष्यासाठी तपासणी करावी, असं इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स सांगतात. एका कारखान्याचे चीफ इंजिनिअर म्हणाले, "अहो, आमचा हंगाम पाच महिन्यांचा. लाख तास भरायला सत्तावीस वर्षं लागतील. आणि बॉयलरचं अग्निप्रदीपन दसऱ्याला आहे." त्यांचं गणित चूक नव्हतं. पण ते तास डिझाइनच्या तापमानाचे. आम्ही कापून घेतलेल्या सुपरहीटर ट्यूबच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या नळीच्या) आतल्या बाजूला ऑक्साइडचा काळा थर बसला होता. हा थर उष्णता अडवतो, वाफेने ट्यूब थंड राहायला हवी ती राहत नाही, धातू तापत जातो आणि थर आणखी वाढतो. मग मीटरवरचे चाळीस हजार तास ट्यूबच्या हिशोबाने कितीतरी जास्त होतात.

हेडरवर, म्हणजे या ट्यूबा ज्याला जोडलेल्या असतात त्या जाड पाइपवर, पॉलिश करून, ॲसिडने कोरून, ॲसिटेटच्या फिल्मवर ठसा घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली कणांच्या सीमांवर बारीक पोकळ्या दिसल्या, सुट्या सुट्या. ओळीने जुळल्या असत्या तर काळजी, चिरा झाल्या असत्या तर बदलणंच. हेडर राहिला, ट्यूबा बदलल्या. अग्निप्रदीपन आठवडाभर पुढे गेलं. चीफ इंजिनिअर साहेबांनी ते चेअरमनसमोर स्वतःच्या अंगावर घेतलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

आज आमच्याकडे सात मशीन आहेत. मामा गेल्या वर्षी निवृत्त झाले. जाण्याआधी महिनाभर त्यांनी दोन मुलींना एकच काम शिकवलं : थर्मोकपलचं टोक सॅम्पलला चिकटवून सिरॅमिकच्या दोऱ्याने सात वेढे द्यायचे, वरून तसाच दोरा गुंडाळून भट्टीची आच अडवायची, मग नखाने ओढून पाहायचं. हललं तर सगळं सोडून पुन्हा बांधायचं.