टंच कुठं लावायचा?

नवा क्रिप्टो कॉइन, म्हणजे संगणकावरचं आभासी नाणं, घ्यावा का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मी विट्याला करसल्लागार आहे. जून-जुलैत लोक रिटर्न भरायला येतात, सगळे कागद होतात, चहा होतो आणि उठता उठता दाराशी थांबून एक प्रश्न येतोच. "ताई, एक नवा कॉइन येतोय. लिस्टिंगच्या, म्हणजे बाजारात येण्याच्या, आधी चाळीस पैशाला मिळतोय, लिस्टिंगला चार रुपये होणार म्हणतात. घेऊ का?" कॉइनचं नाव दरवेळी निराळं असतं, आकडे निराळे असतात, पण बाकी वाक्य तेच.

माझं उत्तर "नको" असं आहे. पण नुसतं नको म्हटलं की माणूस मान हलवतो आणि दुसरीकडं जाऊन घेतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता कारणं सांगितल्याशिवाय कुणाला सोडत नाही.

ती कारणं नीट मांडायला मला आबांनी, माझ्याकडं येणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी, शिकवलं. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. जुनं सोनं-चांदी वितळवायचं, शुद्ध करायचं, त्याचा टंच, म्हणजे शुद्धता किती ते, सांगायचा. आबांनी उमेदीची सगळी वर्षं कोइमतूरला भट्टीसमोर काढली. मागच्या वर्षी ते आले ते धाकट्या मुलाचा फोन घेऊनच. टेबलावर फोन ठेवला, चष्मा वर केला. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत 4 लाख 12 हजार. मुलानं एका कॉइनच्या ॲपमध्ये घातलेले होते 1 लाख 80 हजार. आबा म्हणाले, "ताई, सोनं हातात घेतलं की मला अंदाज येतोय. कसाला लावलं की खात्री पटतीय. ह्येला कुठं घासायचं?"

मला त्या क्षणी उत्तर आलं नाही. म्हणून दिवाळीत भाचा पुण्याहून आला, तेव्हा त्याला म्हटलं, "नवा कॉइन म्हणजे नेमकं काय ते मला बसून दाखव." तो कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून त्यानं सरावासाठी असलेल्या टेस्टनेटवर, म्हणजे जिथं खऱ्या पैशाचा संबंध येत नाही तिथं, एक कॉइन काढून दाखवला. इथेरियम या क्रिप्टोच्या नेटवर्कवर ईआरसी-20 नावाचा ठरलेला साचा आहे, त्याचा तयार कोड फुकट मिळतो. त्यात कॉइनचं नाव, चार अक्षरांची खूण आणि एकूण नग एवढंच भरायचं. त्यानं आमच्या आजीचं नाव घातलं, नग घातले 1 कोटी. माझी कणीक मळून झाली तोवर आजीच्या नावाचे 1 कोटी कॉइन त्याच्या वॉलेटमध्ये, म्हणजे कॉइन ठेवायच्या डिजिटल पाकिटात, जमा होते. कसलं सोनं, कसली खाण, कसला कारखाना. नव्या कॉइनमागचं तंत्रज्ञान म्हणून जे रंगवून सांगतात, त्यातलं बरंचसं एवढंच असतं.

मग आम्ही वही घेतली आणि भाव कसा ठरतो ते लिहून काढलं. तुम्हीही काढा, एक पान लागतं. असे कॉइन बहुतेक वेळा 'पूल'मध्ये विकले जातात. एका बाजूला कॉइन, दुसऱ्या बाजूला पैसे, आणि दोन्हींचा गुणाकार कायम ठेवायचा, हा नियम. समजा भाच्यानं 1 कोटीतले 10 लाख कॉइन पुलात टाकले आणि सोबत स्वतःचे 10 लाख रुपये. भाव झाला 1 रुपया. उरलेले 90 लाख कॉइन त्याच्याकडेच. आता जाहिरात झाली, ग्रुपवर मेसेज फिरले आणि लोकांनी मिळून 10 लाख रुपयांची खरेदी केली. पुलात रुपये झाले 20 लाख, कॉइन उरले 5 लाख. भाव किती? 4 रुपये. लोकांकडं 5 लाख कॉइन, म्हणजे त्यांच्या स्क्रीनवर 20 लाख रुपये. पैसे दुप्पट! इथंच माणूस भावाला, साडूला फोन करतो. आणि कॉइनची 'मार्केट कॅप', म्हणजे एकूण 1 कोटी नग गुणिले भाव, 4 कोटी रुपये अशी जाहिरात होते. प्रत्यक्षात पुलात एकूण रुपये आहेत 20 लाख.

मग एका रात्री भाचा आपले 90 लाख कॉइन विकतो. गुणाकाराच्या नियमानं त्याला मिळतात सुमारे 18 लाख 95 हजार. पुलात उरतात लाखभर रुपये आणि भाव येतो एका पैशावर. लोकांनी आता आपले सगळे 5 लाख कॉइन विकले, तर सगळ्यांना मिळून हातात पडतात साधारण 5 हजार रुपये. 10 लाखांचे 5 हजार. यात कुणी हॅकिंग केलं नाही, कुणाचा पासवर्ड चोरला नाही. सगळं व्यवहाराच्या नियमानं झालं. मी ती बेरीज-वजाबाकी तीनदा तपासली, कारण माझा विश्वास बसत नव्हता.

आबांना हे पान दाखवलं. ते बराच वेळ 90 लाखाच्या आकड्यावर बोट ठेवून बसले. "म्हंजी माल सगळा त्येच्याकडंच हाय," म्हणाले, "आन भाव आपल्या पैशानं चढलाय." मी सांगते तो टंच हाच. नव्या कॉइनचा भाव उद्या किती होईल, हे विचारूच नका. विचारा की एकूण नगांपैकी किती कुणाच्या हातात आहेत, त्यांना ते कितीला पडले आणि ते कधी विकायला मोकळे होणार.

मोठ्या नावांनाही हे लागू पडतं. 17 जानेवारी 2025 ला, अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घ्यायच्या तीन दिवस आधी, डोनाल्ड ट्रम्प यांच्या नावाचा कॉइन आला. एकूण 100 कोटी नग ठरवलेले, पहिल्या दिवशी लोकांसाठी खुले 20 कोटी. उरलेले 80 कोटी त्यांच्याशी संबंधित कंपन्यांकडे, ते तीन वर्षांत टप्प्याटप्प्यानं मोकळे व्हायचे. दोन दिवसांत भाव 70 डॉलरच्या वर गेला, एप्रिलमध्ये 10 डॉलरच्याही खाली होता. हे वाटप पहिल्याच दिवशी जाहीर होतं, कुणी काही लपवलेलं नव्हतं. बघितलं किती जणांनी?

काही ठिकाणी तर खुद्द कोडमध्येच मेख असते. 2021 साली गाजलेल्या एका कोरियन मालिकेच्या नावावर 'स्क्विड' नावाचा कॉइन आला, मालिकेशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तो विकत घेता यायचा, विकता यायचा नाही. विकणाराच कुणी नसल्यामुळं भाव नुसता वर वर जात राहिला, 2800 डॉलरच्या पुढं गेला आणि नोव्हेंबरच्या पहिल्याच दिवशी काढणाऱ्यांनी पैसे उचलल्यावर काही मिनिटांत शून्याला टेकला. म्हणून मी सांगते, एकदा विकून बघा. घातलेल्यातले पाच हजार काढून बँकेत आणून दाखवा, मग पुढचं बोलू.

आपल्याकडची उदाहरणं हवीत? एप्रिल 2017 मध्ये नवी मुंबई पोलिसांनी 'वनकॉइन' नावाच्या कॉइनच्या मेळाव्यात 18 जणांना पकडलं. त्या वनकॉइनमागं खरी ब्लॉकचेनच, म्हणजे कॉइनच्या व्यवहारांची सामायिक डिजिटल वहीच, नव्हती. कंपनीच्या संगणकावर आकडे बदलायचे, त्यालाच लोक भाव समजत होते. ती काढणारी रुजा इग्नातोवा ऑक्टोबर 2017 पासून बेपत्ता आहे आणि 2022 मध्ये एफबीआयच्या सर्वाधिक हव्या असलेल्या दहा जणांच्या यादीत तिचं नाव गेलं. गेनबिटकॉइन या योजनेचं प्रकरण तर पुण्याच्या पोलीस ठाण्यांत नोंदलेलं. महिन्याला 10 टक्के, 18 महिने, असं आश्वासन. घेताना लोकांकडून बिटकॉइन घेतले आणि द्यायची वेळ आली तेव्हा एमकॅप नावाचा स्वतःचाच कॉइन हातात ठेवला. त्याची किंमत बिटकॉइनच्या मानानं फारच कमी होती. मुख्य आरोपी अमित भारद्वाजला 2018 मध्ये अटक झाली, 2022 च्या जानेवारीत तो वारला, तपास पुढं सीबीआयकडं गेला. खटले चालू राहतील. ज्यांनी बिटकॉइन देऊन एमकॅप घेतला, त्यांचं काय झालं हे मला जास्त सलतं. चांगलं नाणं देऊन खोटं घेतलं, आणि तेही ओळखीच्या माणसाच्या शब्दावर.

मला उलट विचारणारेही असतात. "ताई, इथेरियमही असाच आधी विकला होता की. तेव्हा घेतला असता तर?" बरोबर आहे. जुलै ते सप्टेंबर 2014 मध्ये सुमारे 6 कोटी ईथर, म्हणजे इथेरियमचे कॉइन, विकून 1 कोटी 80 लाख डॉलरच्या आसपास पैसे उभे राहिले, एक ईथर पडला साधारण 30 सेंटला. नेटवर्क चालू व्हायला पुढचं वर्ष उजाडलं. ज्यांनी धरून ठेवला, त्यांचं भलं झालं, हे मी नाकारत नाही. पण तिथं दरमहा टक्के देऊ असं कुणी म्हटलं नव्हतं, माणसं आणून जोडायची नव्हती आणि कोड सगळ्यांसमोर होता. त्यानंतर 2017 मध्ये अशा विक्रींचा जो पूर आला, त्यातले बहुसंख्य कॉइन आज कुणाला आठवतही नाहीत. तो पूर इतका होता की त्या सप्टेंबरमध्ये चीननं असल्या विक्रीवरच बंदी घातली आणि 2018 मध्ये अमेरिकेच्या एसईसीनं, म्हणजे तिथल्या सेबीनं, 'हावीकॉइन' नावाची एक बनावट वेबसाइट स्वतःच काढली. चकचकीत पान, प्रवासाच्या सवलती, मर्यादित मुदत. 'विकत घ्या' दाबलं की समोर यायचं, अशा ऑफरपासून सावध कसं राहायचं ते. मी ते पान ऑफिसात दाखवते. खऱ्या-खोट्यातला फरक पहिल्या नजरेत सांगणारा मला अजून भेटलेला नाही.

"आयपीओसारखंच, म्हणजे कंपनीच्या शेअरच्या पहिल्या विक्रीसारखंच तर आहे," हेही ऐकते. नाही हो. आयपीओला सेबीकडं मसुदा दाखल करावा लागतो, धंदा, कर्ज, कोर्टातले दावे सगळं त्यात लिहावं लागतं. शेअर मिळेपर्यंत पैसे तुमच्याच खात्यात अडकवून ठेवलेले असतात. प्रवर्तकांना आपले शेअर लगेच विकता येत नाहीत. नव्या कॉइनला यातलं काहीही नाही.

आणि करापुरतं माझं ऐकाच, कारण ते माझं रोजचं काम आहे. 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट 30 टक्के कर, वर सेस. एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. समजा एका कॉइनमध्ये 2 लाख मिळाले, दुसऱ्यात 3 लाख गेले. तुमच्या हिशेबानं तुम्ही लाखभर खड्ड्यात आहात. माझ्या हिशेबानं तुम्हाला 2 लाखांवर 62,400 रुपये भरायचेत. हे सांगताना समोरच्याचा चेहरा बघवत नाही. तो तोटा पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. "पण सरकार कर घेतंय म्हणजे मान्यता आहे ना?" तसं नाही. कर लावणं म्हणजे कायदेशीर ठरवणं नव्हे, हे अर्थमंत्र्यांनी फेब्रुवारी 2022 मध्येच राज्यसभेत स्पष्ट केलं होतं.

मला तळमळ लागते ती यासाठी की आपल्या भागानं सागवानाच्या योजना पाहिल्या, इमू पाहिले, इस्लामपूरच्या बाजूला 2019 मध्ये कडकनाथ पाहिला. पिलं आम्ही देतो, अंडी-कोंबड्या आम्हीच घेतो, असा तो करार होता. म्हणजे गिऱ्हाईक एकच, आणि ते पळालं की खुराडं भरलेलं. शेतकऱ्यांच्या दारात निदान कोंबड्या तरी उरल्या होत्या.

आबांच्या मुलाला मी पाच हजार काढून बघायला सांगितलं होतं. त्यानं माझ्यासमोरच बटण दाबलं. उत्तर आलं, रक्कम लॉक आहे, अनलॉक करायला एकूण शिलकीच्या 15 टक्के आधी भरा. म्हणजे 4 लाख 12 हजारांवर 61,800 रुपये. पोरगं म्हणालं, भरूया, चार लाख तर सुटतील. आबांनी त्याच्या हातातला फोन काढून घेतला. त्याच दुपारी आम्ही 1930 वर सायबर तक्रार नोंदवली, पोचीचा क्रमांक वहीत लिहून घेतला. पुढं आठवड्याभरात ते ॲप उघडायचंच बंद झालं.

जुलैत त्याचं रिटर्न भरायला घेतलं. आबा शेजारी बसले होते. म्हणाले, "गेलेलं निदान कागदावर तरी लिहा." मी क्रिप्टोचं शेड्यूल उघडलं. पहिला रकाना, घेतल्याची तारीख. ती होती. दुसरा रकाना, विकल्याची तारीख. पोरगं माझ्याकडं बघत राहिलं. विक्रीच झाली नव्हती, तर तिथं लिहिणार काय? मी ते पान तसंच बंद केलं.