तुम्ही विचारलंत म्हणून : मेक्सिकोत बसनेच का फिरता?

हा प्रश्न आम्हाला तीन तऱ्हांनी येतो. नातेवाईक म्हणतात, "अगं, एवढ्या लांब जाऊन कॅनकुनचा समुद्रकिनारा नाही बघितलात?" शाळेतल्या जुन्या मैत्रिणी हळूच विचारतात, "तिथे त्या टोळ्या असतात ना? भीती नाही वाटत?" आणि ह्यांचे डेपोतले दोस्त हसतात, "साहेब, जन्मभर एस.टी. केलीत, आता तिकडे जाऊनही बसच?" थोडक्यात, लेक टेक्सासात आहे, जावई गाडी भाड्याने घेऊन द्यायला तयार आहे, तरी पासष्टीच्या घरातली दोन माणसं मेक्सिकोच्या आडगावांत बसने का हिंडतात आणि एकेका गावात आठ-आठ दिवस का मुक्काम ठोकतात, हे तुम्हाला हवंय. फोनवर तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदा लिहून टाकते.

माझ्यापुरतं उत्तर बाजारात आहे. मेक्सिकोच्या लहान गावांतून अजून आठवडी बाजार भरतो, आणि तो ज्या वारी भरतो त्या वारी गाव निराळंच असतं. ओआहाका शहराभोवतालच्या खोऱ्यात तर वार वाटून घेतलेत: बुधवारी एत्ला, गुरुवारी साआचिला, शुक्रवारी ओकोत्लान, रविवारी त्लाकोलुला. शहरात एक खोली घ्यायची आणि वारावर नजर ठेवून सकाळी बस पकडायची, झालं. त्या दिवशी त्या रस्त्याची बस म्हणजे बाजाराचाच एक तुकडा. पायाशी टोपल्या, मांडीवर पोर, आणि मागच्या बाकाखालून पाय बांधलेली टर्की मधूनच आवाज देते. भाड्याच्या गाडीत बसलं असतं तर बाजार तिथे पोचल्यावर सुरू झाला असता. बसमध्ये तो स्टँडवरच सुरू होतो.

ह्यांचं उत्तर वेगळं आहे. हे एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. जगात कुठेही गेले तरी हे आधी स्टँड बघणार, मग देऊळ, मग उरलंच तर म्युझियम. मेक्सिकोत रेल्वेने गावोगाव जाण्याची सोय जवळपास नाहीच, त्यामुळे अख्खा देश बसवर चालतो, आणि ह्यांना तो त्यामुळेच आवडतो. मेक्सिको सिटीत चार दिशांना चार मोठी स्थानकं आहेत. दक्षिणेकडे जायचं असेल आणि तुम्ही उत्तरेच्या स्थानकावर उभे राहिलात, तर शहर ओलांडण्यात अर्धा दिवस जातो. स्थानकात 'चौकशी' अशी एक खिडकी नसते. प्रत्येक कंपनीचं काउंटर वेगळं, वेळा वेगळ्या, भाडं वेगळं. हे प्रत्येक खिडकीशी जाऊन फलक वाचतात, वहीत उतरवतात, आणि मग पहिल्याच खिडकीवर परत येतात. स्पॅनिशमधले आकडे आणि वार एवढंच ह्यांना येतं, पण तेवढ्यावर यांचं सगळं भागतं.

बसचे ढोबळ दोन प्रकार. पहिल्या दर्जाची गाडी म्हणजे आरामशीर खुर्च्या, सामानाला चिकटवलेला बिल्ला आणि शाल नसेल तर हुडहुडी भरवणारा एसी. काही ठिकाणी गाडी सुटण्याआधी एक जण व्हिडिओ कॅमेरा घेऊन चढतो आणि प्रत्येक प्रवाशाचा चेहरा टिपत मागेपर्यंत जातो. पहिल्यांदा मी पदर सारखा केला. ही सुरक्षेची तऱ्हा, हे नंतर कळलं. दुसऱ्या दर्जाची गाडी हात दाखवला की थांबते. ड्रायव्हरच्या डोक्यावर ग्वादालूपेच्या मातेची, म्हणजे तिकडच्या मेरीची, तसबीर, आरशाला झालरी, आणि वाटेत चढणारे विक्रेते: तिखट लावलेले शेंगदाणे, कापलेला आंबा, मध्येच गिटार घेतलेला एक जण, जो दोन गाणी म्हणून टोपी फिरवतो आणि पुढच्या वळणावर उतरतो. हे सगळं स्वस्त असेल असं मात्र समजू नका. एस.टी.च्या हिशेबाने तिकडची पहिल्या दर्जाची तिकिटं महागच वाटतात. तिकडच्या ज्येष्ठांना सरकारी कार्डावर सवलत मिळते, आपल्याला नाही. महाराष्ट्रात २०२३पासून अर्ध्या तिकिटाची सवय लागलेल्या माझ्यासारखीला ते जरा टोचतंच.

आणि तोपे. म्हणजे गतिरोधक. प्रत्येक गावाच्या तोंडाशी एक, शाळेशी एक, चर्चपाशी एक, शेवटी एक, आणि कुठे कुठे तर कारण न देता मध्येच एक. गाडी तिथे पार मंदावते आणि तेवढ्यात खिडकीशी मक्याचं कणीस येतं. आपल्याकडच्या रस्त्यांवर ज्याने उमेदीची वर्षं घालवली आहेत त्यालाही हे तोपे नमवतात. पण मी खिडकीपाशी बसते, मला चालतं. एकेका तोप्यावर एकेक अंगण नीट बघून होतं.

आता एका गावाबद्दल जरा ऐसपैस सांगते, कारण बाकी सगळं त्यावरून कळेल. क्वेत्सालान हे प्वेब्ला राज्याच्या उत्तरेकडच्या डोंगरात आहे. प्वेब्ला शहरातून चारेक तास. वाटेतल्या साकापोआश्त्ला गावापर्यंत हवा कोरडी, थंड, आणि मग घाट उतरायला लागला की झाडी दाट होते, नेचे माणसाएवढे होतात आणि काचेबाहेर धुकं येऊन बसतं. गाव उतारावर, दगडी फरसबंदीचं, कायम ओलं. रविवारी चौकात बाजार. आजूबाजूच्या वस्त्यांतून नाहुआ, म्हणजे तिथले मूळचे रहिवासी, उतरतात. बायकांचा पांढराशुभ्र, कशिदा काढलेला पोशाख त्या चिखलात स्वच्छ कसा राहतो, हे मला अजून कळलेलं नाही. भाव स्पॅनिशमध्ये होतो, आपापसातलं बोलणं नाव्हात भाषेत.

बाजारात मी मुख्यतः ओळखीच्या गोष्टी शोधत हिंडते, आणि त्या फार सापडतात. मिरची, टोमॅटो, पेरू, पपई, सीताफळ, चिकू: आपल्या मंडईतला बराच माल मुळात याच बाजूचा, पोर्तुगीज-स्पॅनिश जहाजांतून आलेला. उलट्या वाटेने तिकडे गेले ते आंबा आणि चिंच. मेक्सिकोतला एक लाडका आंबा अजून 'मनिला' याच नावाने विकला जातो, कारण तो फिलिपीन्सहून आला. आणि ऑक्टोबर अखेरीला गेलात तर झेंडू. ट्रकच्या ट्रक झेंडू. पूर्वजांच्या दिवसांसाठी दारापासून घरातल्या वेदीपर्यंत पाकळ्यांची वाट घालतात, म्हणजे गेलेल्यांना घर सापडावं. आपण दसऱ्याला ज्याचं तोरण बांधतो ते फूल मूळचं मेक्सिकोचं. निशिगंधही तिथलाच, डेलियाही. लेकीला हे मी फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आई, तू तिथेही शाळा घेतेस."

क्वेत्सालानच्या चर्चसमोर एक उंच खांब आहे. त्यावर पाच माणसं चढतात. चौघं कमरेला दोर बांधून उलटे झेपावतात आणि फिरत फिरत खाली येतात. पाचवा वर, पाटाएवढ्या जागेत उभा राहून बासरी आणि छोटा ढोल वाजवतो, एकाच वेळी. परंपरेने प्रत्येकाचे तेरा फेरे. चार तेरं बावन्न, आणि बावन्न वर्षांचं त्यांच्या जुन्या कालगणनेतलं एक आवर्तन. युनेस्कोने २००९मध्ये हा विधी आपल्या वारशाच्या यादीत घेतला. मी फेरे मोजत बसले. हे मात्र खांबाशी जाऊन, "दोर कोण तपासतं?" हे खुणांनी विचारत होते. उडणाऱ्यांपैकीच एकाने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. उडण्याआधी दोर खांबाला गुंडाळतात तेही तेच. ह्यांचं समाधान झालं. जो गाडी चालवणार त्यानेच ब्रेक बघावा, हे यांचं जुनं मत.

उडणाऱ्यांचा हा खेळ पर्यटक येऊन बघून त्याच संध्याकाळी परत जातात. आम्ही राहतो, म्हणून सोमवार मिळतो. आमच्या खोलीखालच्या गल्लीत मक्याची गिरणी होती. उजाडायच्या आत बायका-पोरी झाकलेल्या बादल्या घेऊन यायच्या. बादलीत चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजत ठेवलेला मका. घरमालकिणीने एक दाणा माझ्या बोटांत दिला. जरा चोळला की साल निसटते आणि आतला दाणा पिवळट, गुळगुळीत. मग धुऊन, ओलाच दळायचा. आपल्यासारखं कोरडं पीठ नाही, गिरणीतून थेट गोळाच बाहेर येतो, कोमट, ओल्या भिंतीसारख्या वासाचा. हा चुना चवीपुरता नाही. त्याने मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळतं. मका जगभर गेला पण ही चुन्याची रीत सोबत गेली नाही, तेव्हा इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना त्याच्या अभावाचा पेलाग्रा हा रोग झाला. मालकिणीला पेलाग्रा माहीत नव्हता, गरजही नव्हती. तिने गोळा दोन तळव्यांत टाळ्या वाजवल्यासारखा फिरवून तव्यावर टाकला. मी परातीवर भाकरी थापावी तसा थापला. दोन्ही फुगल्या. माझी तिच्या नातवाने खाल्ली.

जेवणाचं म्हणाल तर मी शाकाहारी, हे सगळं खातात. 'मांस नको' म्हटलं की कोंबडी पुढे येते, हा अनुभव सगळ्यांनाच येतो. खरी अडचण चरबीची. राजम्यासारख्या काळ्या घेवड्याच्या उसळीत, तामालेसच्या (पानात गुंडाळून उकडलेल्या मक्याच्या उंड्यांच्या) पिठात डुकराची चरबी सर्रास असते, म्हणून "सिन मान्तेका?" (चरबीशिवाय?) हे दोन शब्द पाठ करून ठेवा. बाकी निवडुंगाच्या फोडी, भोपळ्याची फुलं घातलेल्या केसादिया (दुमडलेल्या, भरलेल्या मक्याच्या पोळ्या), मक्यावरची काळी बुरशी (हसू नका, अप्रतिम लागते), पालेभाज्या: उपाशी राहण्याचं कारण नाही. त्लाकोलुलाच्या बाजारात तेहाते मिळतं. मका, कोको, मामे नावाच्या फळाच्या बियांचा गर आणि एक सुवासिक फूल वाटून, मोठ्या मातीच्या परातीत हाताने घुसळून काढलेलं गार पेय. वर जाड फेस. फेसावरून भांडण करण्याइतकं ते चांगलं असतं.

भीतीचा प्रश्न टाळत नाही. भीती वाटते, आणि म्हणूनच बस. अनोळखी देशात कोणता रस्ता आज धड आहे हे मला कळणार नाही, त्या रस्त्यावर रोज गाडी हाकणाऱ्याला कळतं. आमचे नियम साधे: रात्रीची गाडी नाही, टोलच्या रस्त्याची गाडी असेल तर तीच, अंधाराआधी खोलीवर, आणि पुढच्या गावाबद्दल घरमालकिणीला विचारल्याशिवाय तिकीट नाही. मिचोआकान राज्य अमेरिकी सरकारच्या 'जाऊ नका' यादीत आहे. जावयाने ती यादी छापून दिली होती. तरी आम्ही तिथल्या पात्स्कुआरो या तळ्याकाठच्या गावी गेलो, कारण त्या भागातल्या गावांनी कामं वाटून घेतली आहेत: सांता क्लारात तांबं ठोकतात, त्सिनत्सुनत्सानमध्ये मडकी आणि गवतकाम, पुढे पाराचोत गिटारी. सोळाव्या शतकात तिथला पहिला बिशप वास्को दे किरोगा याने एकेका गावात एकेक कारागिरी रुजवली, असं तिथे कोणालाही विचारा, सांगतील. सांता क्लारात दिवसभर घणांच्या तालात बसलो. पाराचोचं मात्र मालकीण म्हणाली, "या आठवड्यात नको." नाही गेलो. गिटार तशीही कोणाला वाजवता येत नाही.

गुन्हेगारांपेक्षा आमचा वेळ आंदोलनांनी जास्त खाल्ला. ओआहाकात शिक्षक रस्ता अडवून बसतात, कधी तासभर, कधी दिवसभर. आमची बसही एकदा अडकली. हे वैतागले. मी निवृत्त शिक्षिका, माझी सहानुभूती कुठे असणार?

आणि एक जागा, जी कोणी विचारत नाही पण मी सांगतेच. मेक्सिको सिटीच्या पूर्वेच्या स्थानकावरून टेस्कोकोची बस मिळते. टेस्कोकोला लागून चापिंगोचं कृषी विद्यापीठ. वर्ध्यात जन्मलेले, परदेशातून इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या गदर चळवळीतले पांडुरंग सदाशिव खानखोजे १९२०च्या दशकात इथे येऊन शिकवू लागले, मक्यावर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. मेक्सिकोचा नामवंत चित्रकार दिएगो रिव्हेरा याने त्यांना मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रंगवलंय: मेजाच्या अग्रभागी बसून भाकरी मोडून वाटणारा माणूस. चापिंगोत २०२२मध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर ते परत आले आणि १९६७मध्ये नागपुरात वारले. आमच्या शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात त्यांची जेमतेम ओळ होती. विद्यापीठाच्या फाटकावर रखवालदाराला "खानखोजे" म्हटलं, तर त्याने लगेच हाताने दिशा दाखवली. विद्यापीठातल्या जुन्या हासिएंदाच्या, म्हणजे जमीनदारी वाड्याच्या, चॅपेलमधली रिव्हेराची चित्रं बघायला लोक येतात, तीही बघा, मान दुखेपर्यंत बघण्यासारखी आहेत.

"आम्हालाही यायचंय" म्हणणाऱ्यांसाठी: अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, पण निघण्याआधी वकिलातीचा नियम स्वतः वाचून घ्या. सुट्टे पेसो जवळ ठेवा, पाचशेची नोट बसमध्ये कोणी मोडून देत नाही. बॅग एकच, आणि ती स्वतःला उचलता येईल एवढीच. क्वेत्सालानला जाणार असाल तर रबरी तळव्याचे बूट घ्या आणि शनिवारी दुपारपर्यंत पोचा. रविवारी सकाळी तिथे खोली शोधत फिरणारे लोक आम्ही खिडकीतून बघितलेत.