छोट्या संगणकाचे सुटे भाग निवडताना

टॉवर कॅबिनेटमधला नेहमीचा संगणक जुळवताना सुरुवात प्रोसेसरपासून होते. त्याला साजेसा मदरबोर्ड, मग रॅम, वीज पुरवणारा एसएमपीएस आणि सर्वांत शेवटी हे सारे ज्यात मावेल असे कोणतेही कॅबिनेट. चाळीस-पन्नास लिटर जागा हाताशी असल्यामुळे कॅबिनेटचा विचार बहुधा काचेची बाजू हवी की नको एवढ्यावरच आटोपतो. लहान संगणकाच्या बाबतीत हा क्रम उलटा करावा लागतो. आधी डब्याचे आकारमान ठरते, त्यावरून आत मावणाऱ्या कूलरची, म्हणजे प्रोसेसर गार ठेवणाऱ्या पंखा-पात्यांच्या जोडीची, उंची ठरते, त्या कूलरला झेपेल एवढीच उष्णता सोडणारा प्रोसेसर घ्यावा लागतो आणि बाकीचे भाग त्यानंतर येतात. घरासाठी असा संगणक जुळवताना मला सर्वांत उपयोगी पडलेला प्रश्न होता, तो म्हणजे यात काय बसवायचे नाही. त्या प्रश्नाची उत्तरे आणि त्यांमागची कारणे इथे नोंदवते आहे.

आधी गरज सांगते. ठाण्यातल्या आमच्या घरात या संगणकावर होणारी कामे म्हणजे पुस्तकांची पानमांडणी, छायाचित्रांचे संपादन, घरचे हिशेब आणि मुलीचा प्रोग्रॅमिंगचा अभ्यास. दोन मॉनिटर हवेत, आवाज नको, आणि टेबलावर संगणकाने वहीपेक्षा जास्त जागा अडवू नये. बाजारात तयार मिनी पीसी मिळतात आणि ते अनेकदा सुट्या भागांच्या एकत्रित किमतीपेक्षा स्वस्त पडतात, हे मान्यच करायला हवे. पण त्यांतल्या बहुतेकांचा प्रोसेसर बोर्डावर कायमचा झाळलेला असतो, आणि चार वर्षांनी एक भाग गेला तर अख्खा डबा बाजूला ठेवण्याची पाळी येते. भाग सुटे असावेत, दुकानात पुन्हा मिळणारे असावेत, एवढ्यासाठीच मी जुळवणीचा मार्ग धरला.

मदरबोर्डांची मापे ठरलेली आहेत. पूर्ण एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिमी, मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४ मिमी आणि मिनी-आयटीएक्स १७० × १७० मिमी. हे शेवटचे माप व्हिया या तैवानी कंपनीने २००१ मध्ये आणले आणि आज छोट्या संगणकांचे बहुतेक जग त्याच्याभोवती फिरते. त्याहून लहान असा मिनी-एसटीएक्स नावाचा प्रकार आहे, त्याचे माप १४७ × १४० मिमी. बोर्ड लहान झाला की आधी स्लॉट कमी होतात. मिनी-आयटीएक्सवर विस्तारासाठी एकच स्लॉट आणि रॅमसाठी सहसा दोनच खाचा असतात, तर मिनी-एसटीएक्सवर ग्राफिक्स कार्डाचा स्लॉटच नसतो.

कॅबिनेटची तुलना लांबी-रुंदीने न करता लिटरमध्ये केलेली बरी, कारण एका बाजूने बारीक दिसणारे कॅबिनेट दुसऱ्या बाजूने बरेच पसरलेले असू शकते. कूलर मास्टरचे एनआर२०० सुमारे १८ लिटरचे आहे. त्यात उंच कूलर आणि मोठे ग्राफिक्स कार्ड दोन्ही बसतात, म्हणून पहिल्यांदाच लहान संगणक जुळवणाऱ्याला मी डोळे झाकून तेच सुचवेन. डॅन ए४-एसएफएक्स ७.२ लिटरचे आहे. त्यात बोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड पाठीला पाठ लावून उभे राहतात आणि दोघांना एक रायझर केबल जोडते. इन विनचे चोपिन ३.३ लिटरचे, १५० वॅटच्या एसएमपीएससकट येणारे, पण ग्राफिक्स कार्डाला जागा नसलेले. आणि एएसरॉकचा डेस्कमिनी एक्स६०० हा १५५ × १५५ × ८० मिमीचा, म्हणजे १.९२ लिटरचा डबा, ज्यात बोर्ड आधीच बसवलेला असतो आणि वीज बाहेरच्या १२० वॅटच्या अडॅप्टरमधून येते.

या यादीत अठरा लिटरवरून दोन लिटरवर येताना जे गळून पडते ते मुख्यतः ग्राफिक्स कार्ड. म्हणून पहिला निर्णय तोच घ्यावा. ज्यांना गेम खेळायचे आहेत किंवा त्रिमितीय रेंडरिंग करायचे आहे त्यांना कार्डाशिवाय गत्यंतर नाही, आणि त्यांनी सात लिटरच्या खाली उतरण्याचा हट्ट विचार करूनच धरावा. मधला मार्ग म्हणून २०२४ मध्ये आलेले सहा जीबीचे आरटीएक्स ३०५० लक्षात ठेवण्यासारखे आहे. ते ७० वॅटमध्ये चालते आणि स्लॉटमधून मिळणारी ७५ वॅटची वीज त्याला पुरते, वेगळी केबल लागत नाही. रायझर केबल वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. केबल पीसीआय एक्सप्रेसच्या (बोर्ड आणि कार्ड यांच्यातल्या जोडणीचे मानक) तिसऱ्या पिढीची आणि बोर्ड-कार्ड चौथ्या पिढीचे असेल, तर पडदा काळाच राहण्याची शक्यता असते. अशा वेळी आधी प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर मॉनिटर लावून बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, स्लॉटचा वेग तिसऱ्या पिढीवर ठेवावा लागतो. माझ्या कामाला कार्ड लागत नव्हते, त्यामुळे मी ते वगळले आणि डेस्कमिनीवर थांबले.

आता उष्णता. लहान संगणकाचा खरा मामला इथेच आहे आणि सर्वांत जास्त फसगतही इथेच होते.

एक्स६००च्या डब्यात कूलरला ४७ मिमी उंची मिळते. रायझन ५ ८६००जी या प्रोसेसरच्या खोक्यात एएमडीचा रेथ स्टेल्थ कूलर फुकट येतो, पण त्याची उंची ५४ मिमी आहे. सात मिलिमीटरसाठी तो कूलर खोक्यातच राहतो आणि दुसरा विकत घ्यावा लागतो. हा खर्च आधीच धरून चालावे. पर्याय दोन होते. नॉक्टुआचा एनएच-एल९ए हा ३७ मिमीचा कूलर आणि थर्मलराइटचा एएक्सपी९०-एक्स४७ हा नावाप्रमाणे ४७ मिमीचा. वरवर पाहता दहा मिमी मोकळी सोडणारा कूलर अधिक सुरक्षित वाटतो, कारण पंख्याला श्वास घ्यायला जागा राहते असे मनात येते. प्रत्यक्षात उलटेही घडते. डब्याच्या जाळीपासून पंखा दूर असला की तो बाहेरची गार हवा ओढण्याबरोबरच कूलरच्या पात्यांतून नुकतीच बाहेर पडलेली गरम हवा बाजूने पुन्हा ओढतो. जाळीला जवळजवळ टेकलेला पंखा मात्र बाहेरचीच हवा घेतो. म्हणूनच अनेक हौशी मंडळी बुटका कूलर घेतल्यावर पंखा आणि जाळी यांच्यामध्ये स्पंजची चौकट चिकटवतात. मी ४७ मिमीचा कूलर घेतला. त्यात धातूची पातीही अधिक आहेत आणि चौकटीची खटपटही वाचते. जाळीला पंखा घासत नाही ना, हे झाकण लावून, संगणक आडवा आणि उभा करून पाहून घ्यावे.

दुसरी गोष्ट आपल्या हवामानाची. परदेशी परीक्षणांतले तापमानाचे आकडे बहुधा वीस-बावीस अंशांच्या खोलीतले असतात. कूलर खोलीच्या तापमानाच्या वर किती अंशांवर प्रोसेसरला रोखतो, हा त्यातला उपयोगी आकडा. समजा एखाद्या परीक्षणात २२ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७७ अंशांवर स्थिरावला, तर फरक ५५ अंशांचा झाला. तोच संगणक मे महिन्यात ठाण्याच्या ३५ अंशांच्या खोलीत ९० च्या घरात जाईल, आणि नागपूर-चंद्रपूरकडे एअर कूलर किंवा एसी नसलेल्या खोलीत ९५ अंशांच्या मर्यादेला टेकून स्वतःचा वेग कमी करू लागेल. प्रोसेसर त्याने जळत नाही, पण पंखा किंचाळतो आणि ज्या शांततेसाठी हा खटाटोप केला तीच जाते.

यावरचा उपाय महाग नाही. प्रोसेसरवर छापलेले ६५ वॅट ही एएमडीची टीडीपी, म्हणजे कूलर निवडण्यासाठी दिलेला उष्णतेचा आकडा, असते. प्रत्यक्षात तो सॉकेटमधून ८८ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. बायोसमधल्या इको मोडमध्ये ४५ वॅट निवडले की ही वरची मर्यादा ६१ वॅटवर येते. शेवटच्या थोड्या वेगासाठी प्रोसेसर अवाजवी वीज खात असतो, त्यामुळे वीज तीस टक्क्यांनी घटली तरी वेग तेवढा घटत नाही. पानमांडणीच्या कामात तर मला फरक जाणवतही नाही. लहान डब्यात हा मोड कायमचा चालू ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि १२० वॅटच्या अडॅप्टरवर यूएसबीची उपकरणेही चालवायची असतील तर तेच शहाणपणाचे आहे.

प्रोसेसर निवडताना ८५००जी, ८६००जी आणि ८७००जी ही तीन भावंडे समोर होती, तिन्ही २०२४ च्या सुरुवातीची. त्यांच्यातला मोठा फरक आतल्या ग्राफिक्सचा आहे. ८५००जीमध्ये चार, ८६००जीमध्ये आठ आणि ८७००जीमध्ये बारा ग्राफिक्स कोअर आहेत. पहिल्या दोघांमध्ये सहा, तर तिसऱ्यात आठ प्रोसेसर कोअर आहेत. ८७००जी मोहात पाडतो, पण त्याचे जास्तीचे बळ वापरायला जी वीज आणि जी थंडाई लागते ती दोन लिटरच्या डब्यात मिळत नाही. लोकलमध्ये ग्रँट रोडला तीन जणांच्या बाकावर चौथ्याने टेकावे तसे ते बसणे. मी मधला घेतला.

अशा प्रोसेसरला रॅम निवडताना कंजुषी करू नये, आणि एकच पट्टी तर मुळीच बसवू नये. स्वतंत्र कार्डाला स्वतःची मेमरी असते. प्रोसेसरमधले ग्राफिक्स मात्र संगणकाच्याच रॅममधून वाटा घेतात आणि त्या रॅमच्या वेगावरच पळतात. एका पट्टीऐवजी दोन सारख्या पट्ट्या लावल्या की मेमरीची रुंदी दुप्पट होते, आणि ग्राफिक्सच्या कामात हा फरक लगेच दिसतो. शिवाय ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेली मेमरी एकूण आकड्यातून वजा होते, म्हणून छायाचित्रांचे काम करणाऱ्याने १६ जीबीवर न थांबता १६ च्या दोन पट्ट्या घ्याव्यात. डेस्कमिनीला लॅपटॉपची सो-डिम रॅम लागते, हे दुकानदाराला पुन्हा एकदा सांगून ठेवावे. २०२५ च्या शेवटी एआयच्या सर्व्हरांसाठी मेमरीची मागणी वाढली आणि रॅमच्या किमती भडकल्या. त्या काळात जुळवणी करणाऱ्याला जुन्या लॅपटॉपमधल्या डीडीआर५ पट्ट्या सापडल्या तर त्या निःसंकोच वापराव्यात.

साठवणीच्या एसएसडीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. २२८० मापाची (२२ मिमी रुंद, ८० मिमी लांब), पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीची, मध्यम किमतीची एनव्हीएमई एसएसडी पुरते. पाचव्या पिढीच्या एसएसडी तापतात आणि त्यांचे उष्णता शोषणारे मोठे हीटसिंक इथे मावत नाहीत.

विजेविषयी एक मुद्दा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मिनी-आयटीएक्स कॅबिनेटांत सहसा एसएफएक्स मापाचा एसएमपीएस लागतो, तो १२५ × ६३.५ × १०० मिमीचा असतो आणि दुकानात प्रामुख्याने ६५० किंवा ७५० वॅटचाच दिसतो. आता ग्राफिक्स कार्ड नसलेला संगणक नुसता चालू असताना पंचवीस-तीस वॅट घेतो, म्हणजे ६५० वॅटच्या एसएमपीएसच्या चार-पाच टक्के. एसएमपीएसची कार्यक्षमता सांगणाऱ्या ८० प्लसच्या गोल्ड दर्जाची चाचणी २०, ५० आणि १०० टक्के भारावर होते. चार टक्क्यांवर तो एसएमपीएस किती वीज वाया घालवतो, हे त्या सोनेरी शिक्क्यावरून कळत नाही. कार्ड नसेल तर बाहेरचा अडॅप्टरच योग्य. रूपांतरात तयार होणारी उष्णताही मग डब्याबाहेर, टेबलाखाली राहते.

ज्यांना मिनी-आयटीएक्स बोर्डच घ्यायचा आहे त्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. या प्रोसेसरांना लागणाऱ्या एएम५ सॉकेटचे बोर्ड २०२२ पासून विकले जात आहेत. गोदामात पडून राहिलेल्या बोर्डाचा बायोस २०२४ चा प्रोसेसर ओळखणार नाही. तेव्हा पेन ड्राइव्हवरून प्रोसेसरशिवाय बायोस अद्ययावत करण्याचे बटण बोर्डावर आहे का, ते पाहावे. आणि एसएसडीसाठीचा एम.२ चा दुसरा स्लॉट बोर्डाच्या पाठीमागे असेल, तर एसएसडी बोर्ड कॅबिनेटमध्ये पक्का करण्यापूर्वीच लावून घ्यावी, नाहीतर सगळे पुन्हा खोलावे लागते.

खरेदीसाठी लॅमिंग्टन रोडला, म्हणजे भडकमकर मार्गाला, चक्कर मारली तर प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी घासाघीस करून मिळतात. छोटी कॅबिनेट आणि बुटके कूलर मात्र दुकानात क्वचितच शिलकीत असतात, ते बहुधा ऑनलाइनच मागवावे लागतात. प्रोसेसर खोकाबंदच घ्यावा. त्यावर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते, तर सुट्या ट्रेमधल्या प्रोसेसरची जबाबदारी फक्त विकणाऱ्याच्या शब्दावर असते. बिल जीएसटीसह आणि भागाचा अनुक्रमांक लिहूनच मागावे.

शेवटी यूपीएस, कारण आपल्याकडे तोही संगणकाचाच भाग धरावा लागतो. कमी वीज खाणाऱ्या संगणकाचा मोठा फायदा इथे पदरात पडतो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. हा संगणक, दोन मॉनिटर आणि वायफायचा राउटर मिळून ऐन कामाच्या भरातही त्याच्या निम्म्याच्या आसपास राहतात, त्यामुळे दिवे गेल्यावर चालू काम जतन करून फाइल छापखान्याला पाठवण्याइतका वेळ हाती उरतो. मात्र राउटरची पिन यूपीएसच्या बॅटरीवर चालणाऱ्या सॉकेटमध्ये लावावी. काही यूपीएसमध्ये एखादे सॉकेट फक्त विजेच्या उसळीपासून संरक्षणापुरते असते आणि दिवे गेले की तेही बंद पडते.