इंदूरखालचा काळा कातळ आणि हटनचा नियम

इंदूरच्या भंवरकुआँ भागात एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाची, तयारी करणाऱ्या मुलांना मी भूगोल शिकवते. एकरूपतावादाला (आजच्याच नियमांनी पूर्वीही पृथ्वी घडली, हा विचार) आमच्या नोट्समध्ये दोनच ओळी आहेत: स्कॉटिश भूवैज्ञानिक जेम्स हटन, १७८५, वर्तमान ही भूतकाळाची किल्ली. मुलं उतरवून घेतात आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतात. यंदा धारच्या एका मुलीनं विचारलं, "मैम, फिर डेक्कन ट्रैप आज कहाँ बन रहा है?"

फार नेमका प्रश्न. डेक्कन ट्रॅप म्हणजे लाव्हा थिजून झालेला दख्खनचा काळा कातळ. आज जे घडताना दिसतं त्यावरूनच पूर्वीचं ओळखायचं, तर आपल्या पायाखालचा हा कातळ कशावरून ओळखायचा? पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला लाव्हा कुणी वाहताना पाहिलेला नाही.

त्यातल्या त्यात जवळचं उदाहरण आइसलँडच्या लाकी ज्वालामुखीचं. जून १७८३मध्ये तिथे जमीन फाटली, २७ किलोमीटरची भेग पडली आणि आठ महिन्यांत सुमारे १४ घनकिलोमीटर लाव्हा बाहेर आला. विषारी वायूंनी गुरं मेली, दुष्काळ पडला, देशातली जवळजवळ पाचातली एक व्यक्ती दगावली. दख्खनचा लाव्हा पाच लाख घनकिलोमीटरच्या वर धरतात. म्हणजे पस्तीस हजार लाकी!

आता यात काळ घाला. यातला बराचसा लाव्हा ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमाराला, दहा लाखांहून कमी वर्षांत आला. साडेसात लाख वर्षं धरली तर दर एकवीस वर्षांना एक लाकी. हा हिशेब मी फळ्यावर मांडला तेव्हा वर्ग गप्प झाला होता. अचाट वाटणारी गोष्ट पुरेसा अवधी दिला की आवाक्यात येते, हे हटनचं खरं देणं.

पण सरासरीवर विसंबून राहायचं नाही, आणि ते शिकायला इंदूर-खंडवा रस्त्यावरचा भेरूघाट उत्तम. सिमरोलच्या पुढे रस्त्यासाठी कापलेल्या दरडी बघा. थराचा खालचा भाग घट्ट, काळा. वर जावं तशी भोकं वाढतात, काहींत पांढरे स्फटिक भरलेले. लाव्ह्यातले बुडबुडे वर चढतात आणि थिजत्या कवचाखाली अडकतात. हवाई बेटांवर आजही हेच होतं. तिथे अभ्यासकांनी आणखी एक पाहिलं. लाव्ह्याची वीतभर जाडीची जीभ पसरते, वरून कवच धरते, आतून नवा लाव्हा शिरत राहतो आणि कवच कित्येक मीटर वर उचललं जातं. दख्खनचे अनेक जाड थर असेच फुगत गेले असं आता मानतात. आगीच्या भिंतीसारखा लोंढा धावत आला, हे चित्र मुलांच्या डोक्यातून काढायला मला फार वेळ लागतो.

मग दोन थरांमध्ये कुठेकुठे विटकरी पट्टा दिसतो. बोअरवाल्यांना तो चांगला ठाऊक असतो. आमच्या कॉलनीत बोअर खणताना "लाल मिट्टी आ गई" असं ओरडून त्यांनी मशीन थांबवलं होतं, कारण ही माती ओली झाली की फुगते आणि बोअर ढासळतो. असे बरेच पट्टे म्हणजे एका थराचा माथा ऊन-पावसात कुजून झालेली माती. तेवढा काळ तिथे नवा लाव्हा आला नव्हता. म्हणजे ठरावीक अंतरानं एकेक लाकी असं ते नव्हतं. भला मोठा उद्रेक, मग दीर्घ विसावा, पुन्हा उद्रेक.

म्हणून सगळं नेहमी आजच्याच संथ गतीनं घडलं, असं शिकवणं मला पटत नाही. हटननंतरचा भूवैज्ञानिक चार्ल्स लायेल यानं १८३०पासून तसा आग्रह धरला, आणि दख्खनपुढे तो टिकत नाही. टिकतं ते इतकंच: लाव्हा थिजण्याचे, बुडबुडा वर चढण्याचे, दगड कुजण्याचे नियम तेव्हाही हेच होते. हटनचा मित्र जेम्स हॉल यानं १७९८मध्ये असा काळा दगड भट्टीत वितळवून दाखवला होता; झटकन गार केला तर काच, सावकाश केला तर पुन्हा स्फटिकांचा दगड. परीक्षेत हॉल कधी येत नाही, तरी मी शिकवते.

पश्चिम घाटातल्या काही लाल पट्ट्यांत राखेबरोबर पडलेले झिरकॉन या खनिजाचे बारीक कण सापडले. युरेनियम–शिसे पद्धतीनं, म्हणजे कणातल्या युरेनियमचं किती शिसं झालं यावरून, त्यांचं वय काढता येतं, आणि वरची साडेसात लाखांची मुदत तशाच मोजणीतून आली आहे.

पावसाळा संपला की वर्गाला भेरूघाटात नेणार आहे. ट्रकच्या वर्दळीपासून दूर, पट्टा हाताला लागेल अशी जागा महूकडच्या कुणाला माहीत असेल, तर जरूर कळवा.