मार्लेश्वरच्या पायऱ्यांवरचा रानटी बेगोनिया

गेल्या वर्षी गणपती गावाला गेले नि दोन दिवस हातात उरले, म्हणून आत्याला घेऊन मार्लेश्वर (रत्नागिरी जिल्ह्यातलं धबधब्याजवळचं शंकराचं देऊळ) गाठलं. दर्शन तिला हवं होतं, मला कातळावरचा बेगोनिया बघायचा होता (पावसाळ्यात फुलणारं छोटं रानझाड, बेगोनिया क्रेनाटा, 1791 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ ड्रायँडरने नाव दिलेला, आपल्या सह्याद्रीतलाच).

संगमेश्वर रोड स्टेशनला उतरून देवरुख, तिथून एस्टी. पायऱ्या पाचशेच्या आसपास आहेत. श्रावणी सोमवारी अजिबात जाऊ नका, गर्दीत थांबताच येत नाही आणि हे झाड थांबल्याशिवाय दिसत नाही.

उन्हाच्या बाजूला शोधू नका. जिथे पाणी झिरपतंय, शेवाळ आहे, सावली आहे, तिथे फटीत वीतभर उंचीची रोपं असतात. पान बघा, देठाच्या एका बाजूचा कान मोठा, दुसरीकडचा लहान, कड गोलसर दातेरी. मी गुडघ्यावर बसून बघत होतो, आत्या म्हणाली, अरे देवळाचे फोटो काढ, भिंतीचे काय काढतोयस! मग तिला नर फूल दाखवलं, फिकट गुलाबी, दोन पाकळ्या मोठ्या नि दोन अगदी बारक्या, आणि शेजारच्याच मादी फुलामागे तीन पंखांचं हिरवं बोंड, एक पंख बाकीच्यांपेक्षा मोठा, तर ती चष्मा लावून पाच मिनिटं हललीच नाही. मादी फुलात मध नसतो पण मधला पिवळा भाग नराच्या परागांसारखा दिसतो म्हणून मधमाश्या फसून येतात, हे ऐकून तर ती अजूनच वाकली.

देठ अंबुशीसारखा आंबट असतो, पण म्हणून तोडून चाखत बसू नका. आणि प्लीज उपटू नका. मी कॉलेजात असताना एक रोप कुंडीत आणलं होतं, रोज पाणी घालत राहिलो नि डिसेंबरपर्यंत कंद कुजला, त्याचं मला अजून वाईट वाटतं. पाऊस सरला की पानं मरतात, कंद फटीत कोरडा निजून राहतो, त्याला तेव्हा पाणी नकोच असतं हे मला माहीतच नव्हतं.

ऑगस्टअखेर ते सप्टेंबर बेस्ट. चांगल्या ग्रिपचे बूट घाला, शेवाळावर चपला घसरतात. जळवांसाठी मिठाची पुरचुंडी आणि लेन्स पुसायला सुती फडकं घ्या, धबधब्याचे तुषार सतत येतात. परतीची गाडी मात्र देवरुख स्टँडवर कंट्रोलरला आधीच विचारून घ्या, आम्ही विचारलं नव्हतं, शेवटी रिक्षा करावी लागली.