सेंट अल्कमंड : तिसरा कळस

सेंट अल्कमंड चर्चच्या माझ्या पुठ्ठ्याच्या मॉडेलचा कळस तिसऱ्यांदा कापला आणि या खेपेला सरळ उभा राहिला. आधीचे दोन का बिघडले ते सांगतो; पाडलेल्या इमारतींची मॉडेल्स करणारे आपण सगळे कधी ना कधी इथेच फसतो.

वास्तुविशारद हेन्री आयझॅक स्टीव्हन्सने इंग्लंडमधल्या डर्बीत बांधलेलं हे चर्च १८४६ चं. १९६८ साली रिंग रोडसाठी ते पाडलं, भोवतालचं जॉर्जियन आवारही गेलं. रस्त्याला नाव दिलं सेंट अल्कमंड्स वे! झाड तोडायचं आणि चौकाला त्याचं नाव ठेवायचं, ही खोड आपलीच नव्हे तर.

तर कळस. लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यात मी बुरूज आधी उभारायचो, तट नंतर. तीच सवय नडली. कळसाखालच्या मनोऱ्याची रुंदी जुन्या १:२५०० नकाशावरून घेतली. माझं मॉडेल १:२००, म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर माझ्याकडे साडेबारा होतो. मोजताना अर्धा मिलिमीटर चुकलो की मनोरा सहा मिलिमीटरने फुगला! दुसऱ्या वेळी फोटोवर विसंबलो, पण तो पायथ्याशी उभं राहून काढलेला. कळस बुटका झाला. आता नकाशावरून फक्त चर्चची लांबी घेतली (लांब अंतरात तेवढी चूक पचते) आणि बाकी सगळं लांबून, बाजूने काढलेल्या फोटोतल्या प्रमाणावरून. पलीकडचं, वास्तुविशारद प्यूजिनचं सेंट मेरीज चर्च अजून उभं आहे, दिशा त्यावरून पक्की केली.

चर्च तळापासून उचलता येईल असं ठेवतोय. कारण खरी गंमत खाली आहे. स्टीव्हन्सच्या चर्चसाठी मध्ययुगीन चर्च पाडलं होतं. पुढे स्टीव्हन्सचं चर्चही पाडल्यावर उत्खननात नवव्या शतकातली कोरीव दगडी शवपेटी निघाली. ती नॉर्थम्ब्रिया या उत्तरेकडच्या जुन्या राज्याचा राजपुत्र अल्कमंड याची, असं काही म्हणतात. काही जण ८७१ मध्ये लढाईत पडलेल्या एथेलवुल्फ या सरदाराचं नाव घेतात. माणूस मावेल एवढी पेटी माझ्या प्रमाणात जेमतेम सेंटिमीटरभर. नक्षी सुईने कोरून पाहिली, नुसते ओरखडे दिसतात.

चित्रकार जोसेफ राइटही याच आवारात पुरलेला होता. त्याचे अवशेष नॉटिंगहॅम रोडच्या दफनभूमीत हलवले, थडग्याचा दगड २००२ पासून कॅथीड्रलमध्ये आहे. शवपेटी मात्र डर्बीच्या संग्रहालयात, राइटच्या चित्रांच्याच छपराखाली.

पुढच्या आठवड्यात खिडक्या. पुठ्ठा दीड मिलिमीटरचा घेऊ की एकचा, यावर घोडं अडलंय.